साहेब आहेत, मेंबर नाहीत : वाचकांचे प्रश्न

निवडणुका लांबल्या आणि झेडपीत, म्हणजे जिल्हा परिषदेत, निवडून आलेले मेंबरच उरले नाहीत, त्या रिकाम्या सभागृहाबद्दल मागच्या अंकात मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सअॅप दोन्हीकडून ढीग पडला. काहींनी शाबासकी दिली, काहींनी "तुम्ही झेडपीचेच ना, मग तुम्हाला त्यांचा पुळका येणारच" असं पण सुनावलं. तर होय, मी झेडपीच्या सामान्य प्रशासन विभागात बत्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे, प्राध्यापक वगैरे नाही, त्यामुळे तो विषय आला की मी जरा जास्त बोलणार, आधीच सांगून ठेवतो. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमत नाही, सहा पत्रं घेतलीयत.

नातवाला शाळेत प्रोजेक्ट आहे, "महाराष्ट्रात लोकशाही कधी सुरू झाली". तो म्हणतो १९६०, मी म्हणतो १९५०, आणि सूनबाई इतिहासात एमए आहेत त्या म्हणतात १९३७. घरात भांडण लागलंय, तुम्हीच सोडवा. — एक आजोबा, कराड

आजोबा, तिघांनाही पास करा, पण पैकीच्या पैकी कुणालाच देऊ नका.

१ मे १९६० ला राज्य झालं, लोकशाही त्याच्या आधीपासून होती. आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ हीच मुळात मतपेटीतून पण लढली गेली हे लोक विसरतात, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात असं झोपवलं की दिल्लीला ऐकावंच लागलं. सूनबाईंचं १९३७ पण बरोबर, त्या वर्षी मुंबई प्रांताची पहिली विधानसभा पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली, बाळासाहेब खेर पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला तसंच म्हणायचे) आणि मावळंकर अध्यक्ष. पण मत कुणाला होतं? सारा भरणारे, टॅक्स भरणारे, शिकलेले, एवढ्यांनाच. आणि गंमत अशी की असल्या अर्धवट सभागृहात सुद्धा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करायचं बिल आणलं, आणि जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन आले. त्यातल्या किती जणांकडे मत होतं देव जाणे. बिल काही पास झालं नाही, खोती जायला पुढे १९४९ चा कायदा यावा लागला, पण ज्यांना मत नाही ते आमदारांच्या दारात जाऊन उभे राहिले ही गोष्ट माझ्या मते पहिल्या मतदानाएवढीच मोठी.

अजून मागे जायचं तर २२ जानेवारी १८६२, मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नरच्या कौन्सिलची पहिली बैठक, त्यात आपले नाना शंकरशेट होते. पण ते नेमलेले, निवडलेले नाहीत, तेव्हा प्रोजेक्टमध्ये चित्र चिकटवायला घ्या, उत्तरात नको.

आता खरी अडचण सांगतो. तुम्ही कराडचे म्हणून ब्रिटिश मुंबई प्रांताची गोष्ट चालते. तुमच्या नातवाच्या वर्गात एखादं पोरगं लातूर-नांदेडकडून आलेलं असेल तर त्याच्या पणजोबाने १९३७ ला विधानसभेसाठी मतपेटी पाहिलीच नाही, तिथं निजाम होता, जबाबदार सरकार मागितलं म्हणून १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहायच्या आधीच बंदी आली, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती आणि पहिलं खरं मतदान थेट १९५२ ला. विदर्भाचं तिसरंच, त्यांची विधानसभा नागपुरात, मध्य प्रांताची. म्हणजे १९५६ ला हे सगळे एका राज्यात येऊन बसले तेव्हा प्रत्येकाच्या गाठीशी लोकशाहीचा अनुभव वेगवेगळा होता, आणि अनुशेष अनुशेष म्हणून, म्हणजे विकासात आमचा भाग मागे ठेवला म्हणून, जे भांडण आपण अजून ऐकतो त्याचं एक मूळ इथं पण आहे. नातवाला सांगा एका तारखेऐवजी नकाशा काढ आणि तीन रंगांत रंगव, बाई खूश होतील.

माझे आजोबा सांगायचे की आमच्या आटपाडीला देशाच्या आधी राज्यघटना मिळाली आणि ती गांधीजींनी करून दिली. मित्र हसतात. खरं आहे का हे? — वाचक, आटपाडी

हसू द्या मित्रांना. आजोबांचं जवळजवळ सगळं खरं आहे.

आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान म्हणजे केवढं तर ७२ गावं, औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके आणि ते सुद्धा एकमेकांना चिकटलेले नाहीत, मध्ये ब्रिटिश मुलूख नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी संस्थान, गुणदाळ तर आज कर्नाटकात आहे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे ते सूर्यनमस्कारवाले आणि चित्रांच्या संग्रहालयाचे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनियर, जो गांधीजींच्या नादाला लागला होता आणि ज्याला भारतानंद म्हणत, या मंडळींनी राजाला पटवलं की राज्यच लोकांना देऊन टाकू. मग सगळे सेवाग्रामला गेले, गांधीजींनी आराखड्यात लक्ष घातलं, आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची स्वराज्य घटना जाहीर झाली. राजाने आपल्या हाताने आपले अधिकार कमी करून घेतले, सांगा असं उदाहरण दुसरं.

रचना कशी होती ते बघा, कारण मला खरा रस तिथं आहे. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती. आणि तालुक्याकडून माणसं वर विधिमंडळात. म्हणजे सत्ता खालून वर चढत जाते, आपल्यासारखी मुंबईहून जीआर होऊन खाली घरंगळत नाही. गावातले तंटे गावातच, कोर्टाची पायरी नको. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर तुम्हाला माहीतच असेल, कैद्यांना बेड्या न घालता शेती करायला मोकळं सोडायचा प्रयोग, तो पण याच राज्याचा.

"जवळजवळ" म्हणालो ते कशासाठी, तर गांधीजींनी सल्ला दिला, विचार दिला, पण घटना "करून दिली" म्हटलं की अप्पासाहेब आणि फ्रीडमन यांच्यावर अन्याय होतो, आणि गावोगावी ज्यांनी ती चालवून दाखवली त्या लोकांवर त्याहून जास्त.

एक जोडून सांगतो. कुंडल हा औंधचाच तालुका, आणि १९४३ ते ४६ मध्ये साताऱ्याचं जे प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं, जी. डी. बापू लाडांचं, त्याचं हे कुंडल म्हणजे घरच. त्यांनी सुद्धा गावोगावी न्यायनिवाडा मंडळं काढली. दोन्हींचा थेट संबंध लावायचा मोह होतो पण मी लावत नाही, एक राजाच्या संमतीने चाललेलं, दुसरं सरकारविरुद्ध बंदूक घेऊन. तरी एवढं म्हणेन की त्या पट्ट्यातल्या माणसाला "आपला निवाडा आपण करू शकतो" हे त्या काळात कुणी शिकवायची गरज नव्हती. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं आणि प्रयोग बंद पडला. नऊ वर्षं चालला.

काका, झेडपी बरखास्त होऊन तीन-साडेतीन वर्षं झाली होती तरी शाळा चालू, दवाखाने चालू, रस्ते उलट जास्तच झाले. मग मेंबर लोक हवेत कशाला? फालतू खर्च. राग मानू नका. — वाचक, बीड जिल्हा

राग कसला मानायचा, हा प्रश्न मला घरात माझा मुलगा पण विचारतो.

आधी एक दुरुस्ती, झेडपी बरखास्त नव्हती झाली, मुदत संपली होती. बहुतेक झेडप्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली, मोठ्या महापालिकांची पण त्याच सुमाराला, आणि ओबीसी आरक्षणाची केस, प्रभागरचना कुणी करायची याचा वाद, सरकार बदललं, परत रचना बदलली, असं करत गाडी जी अडकली ती मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कान पिळल्यावर हलायला लागली, नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला आणि महापालिकांचं १५ जानेवारी २०२६ ला. जिथं एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलं त्या झेडप्यांचं घोडं त्यानंतरही अडलेलंच राहिलं. घटनेत कलम २४३ ई स्वच्छ सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आत. आपण चार वर्षांच्या गोष्टी करतोय.

आता तुमचा मुद्दा. या काळात झेडपीचा प्रशासक कोण? सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. पंचायत समितीचा? बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी. म्हणजे प्रस्ताव मांडणारे साहेब तेच आणि सर्वसाधारण सभा म्हणून तो मंजूर करणारे पण तेच! फायली भराभरा हलतात हे खरंय, मी नाही म्हणत नाही, मेंबरची सही नको, सभापतीच्या घरी चकरा नको. पण आमच्याकडे एक कागद असायचा, अनुपालन अहवाल. मेंबरने जीबीत, म्हणजे सर्वसाधारण सभेत, प्रश्न विचारला की तो प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, यायचा आणि पुढच्या जीबीत त्यावर काय केलं ते लेखी द्यावं लागायचं. माझ्या नोकरीत एक मेंबर होते, चौथी शिकलेले, ते वर्षभर प्रत्येक जीबीत एकाच अंगणवाडीचा वजनकाटा विचारायचे. एकच काटा. सगळे हसायचे, साहेब वैतागायचे, मी तर प्रोसिडिंग लिहिताना मागचंच वाक्य कॉपी करायचो. पाचव्या सभेला काटा आला, आणि मग साहेबांनी वैतागून जिल्ह्यातल्या सगळ्याच अंगणवाड्यांचे काटे तपासायला लावले तर निम्मे बंद. तर प्रशासकाच्या काळात रस्ते झाले असतील, पण काटा कोण विचारणार? आणि विचारला तरी तो लिहून कुठं घेणार?

मेंबर म्हणजे संत होते असं माझं म्हणणं अजिबात नाही. टक्केवारी मी डोळ्यांनी पाहिलीय, जीबीत माईक उपटलेले पाहिलेत. पण साहेबाची बदली होते, मेंबरला परत त्याच गावच्या एसटी स्टँडवर उतरायचं असतं.

थोडा इतिहास सांगू द्या, नाहीतर जीव हलका होणार नाही. १९५७ ला बलवंतराय मेहता समितीने देशाला सांगितलं की तालुका-गट हा पंचायत राज्याचा मुख्य खांब करा. आपल्याकडे वसंतराव नाईक समिती नेमली, ती म्हणाली नाही, जिल्हा. ताकद असेल तर जिल्ह्यालाच असेल. १९६१ ला कायदा, १ मे १९६२ ला झेडप्या उभ्या. यशवंतराव चव्हाणांच्या काळातला हा निर्णय, आणि त्यात सगळ्यात धाडसाची गोष्ट म्हणजे कलेक्टर झेडपीच्या बाहेर, आणि आमदार-खासदार पण सदस्य म्हणून बाहेर. शाळा, दवाखाने, शेती, पाणी, रस्ते सगळं मेंबरांच्या समित्यांकडे. मिनी मंत्रालय उगाच नाही म्हणायचे. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील, आपले आबा, १९७९ पासून अकरा वर्षं सांगली झेडपीचे मेंबर, या शाळेतूनच आले सगळे.

मग बिघडलं कुठं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ज्या आमदाराला आपण बाहेर ठेवलं त्याला हळूहळू दुसऱ्या दाराने आत घेतलं. आमदार फंड आला, पालकमंत्री आले, जिल्हा नियोजन समिती आली आणि तिच्या अध्यक्षपदी पालकमंत्री बसले. झेडपीला पैसा हवा तर नियोजन समितीकडे हात पसरायचा. आता घटनेत नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य हे झेडपी-पालिकांच्या निवडून आलेल्या मेंबरांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात, बरोबर? मेंबरच नाहीत तर निवडणार कोण? म्हणजे जिल्ह्याचं वर्षाचं बजेट ठरायचं ते पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यात. त्यामुळे निवडणुका लांबल्या तेव्हा कुठल्याच पक्षाचे आमदार फार आरडाओरड का करत नव्हते याचं कोडं मला तरी पडलं नाही.

आणि खर्चाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाची अटच होती, निवडून आलेली बॉडी असेल तरच पैसे. मेंबरांचा भत्ता वाचवून आपण किती घालवले ते तुम्हीच तुमच्या झेडपीत माहितीचा अर्ज टाकून विचारा, मला पण कळवा.

विधान परिषद बंद करावी असं तुम्हाला वाटत नाही का? पडलेल्यांची सोय. — वाचक, नागपूर

पडलेल्यांची सोय होते हे मान्य. पण रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या डोक्यातून आली आणि ते अठरा वर्षं परिषदेचे सभापती होते. १९७२ चा दुष्काळ, मग १९७७ चा कायदा, मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर, तो जो पगारातून दरमहा दोनशे कापतात ना तोच. २००५ ला देशाने जो कायदा केला त्याच्या मागे हे आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी परिषदेला अजून थोडी मुदत देईन.

पण बघा हं, ७८ पैकी २२ आमदार हे स्थानिक संस्थांच्या मेंबरांनी निवडायचे असतात. मेंबर नव्हते म्हणून त्यातल्या कितीतरी जागा रिकाम्या राहिल्या. राज्यपालांनी नेमायचे १२, ते नोव्हेंबर २०२० ला पाठवलेल्या यादीवर जे अडकले ते २०२४ च्या ऑक्टोबरात सात जणांची नेमणूक होईपर्यंत शून्य. तर बंद करा-नको करा हा वाद राहू द्या, आपण ती अर्धी बंद करून बसलोच होतो आणि कुणाला पत्ता नव्हता.

आमच्या गावात यंदा सरपंच "बिनविरोध" करायचं चाललंय, देवळाला जास्त वर्गणी देईल तो सरपंच. माझी भावजय उभी राहायचं म्हणते तर घरचेच म्हणतात गावाची एकी मोडू नको. काय करावं? — एक ताई, नाशिक जिल्हा

ताई, उभं राहू द्या भावजयीला.

याला एकी म्हणत नाहीत, लिलाव म्हणतात, आणि तुमच्याच जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराणेला आणि नंदुरबारच्या खोंडामळीला असाच लिलाव झाला होता तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची निवडणूकच रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, देवळासाठी. देव काय म्हणाला असेल.

खरंच चर्चा होऊन, गावसभेत सगळ्यांच्या तोंडावर एक नाव ठरलं तर बिनविरोधला माझी ना नाही. पण पैशाने ठरलं तर ज्याच्याकडे पैसा नाही त्याचं मत पाच वर्षांसाठी गेलं. भावजयीला एक सांगा, १९८९ ला, म्हणजे आरक्षण यायच्या आधी, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शेतकरी संघटनेच्या बायकांनी अख्खं पॅनेल बायकांचं उभं केलं होतं आणि ग्रामपंचायत घेतली होती. त्यानंतर १९९३ ला ३३ टक्के आलं, २०११ ला ५०. निवडून आली की खुर्चीवर तिनेच बसायचं, दाजींनी बाहेर. दाजी हे वाचत असतील तर नमस्कार.

आणि हो, सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून, यात गोंधळून जाऊ नका. २०१७ ला थेट केलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं. ज्याचं सरकार त्याच्या सोयीने.

मी आयटीत आहे, पुण्यात चार नगरसेवकांचा प्रभाग. चार मतं दिली पण आता खड्ड्यासाठी फोन कुणाला करायचा? चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. याला काही फ्युचर आहे का? — वाचक, पुणे

फोन चौघांनाही करा, एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घालून. थट्टा नाही, खरंच करा.

मुंबईत २२७ नगरसेवक, एकाला एक वॉर्ड. बाकी महापालिकांना मात्र चारचा, मग तीनचा, मग परत चारचा असा पाढा सरकारं बदलतील तसा चालू. मोठा प्रभाग मोठ्या पक्षाला सोयीचा, अपक्षाला आणि गल्लीतल्या कार्यकर्त्याला जीवघेणा, याहून जास्त शहाणपण त्यात नाही. पण तुम्ही फ्युचर विचारलंत म्हणून एक जुना कागद दाखवतो. २००९ ला आपल्या विधिमंडळाने क्षेत्र सभेचा कायदा केलाय, म्हणजे खेड्यात ग्रामसभा तशी शहरात आपल्या भागातल्या मतदारांची सभा. केंद्राचे पैसे हवे होते म्हणून केला आणि ठेवून दिला. खेड्यातल्या माणसाला २६ जानेवारीला ग्रामसभेत उभं राहून ग्रामसेवकाला हिशोब विचारता येतो, तुम्हाला कोरेगाव पार्कात राहून येत नाही. म्हणजे या बाबतीत तुमचा आयटी पार्क आटपाडीच्या १९३९ च्या मागे आहे.

ग्रामसभा म्हटलं की तिथं कोण जातं असं म्हणाल. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा म्हणून गोंड लोकांचं छोटं गाव आहे. "मावा नाटे मावा राज", आमच्या गावात आमचं राज्य. तिथं निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं, मग कितीही बैठका लागोत. २००९ ला त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तरी वनखातं बांबू बाहेर न्यायचा पास देईना, कारण काय तर बांबू हे लाकूड. अरे बांबू गवत आहे! शेवटी २०११ मध्ये केंद्रातले पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तेव्हापासून त्यांचा बांबू ते विकतात, पास ते फाडतात.

तुमच्या सोसायटीच्या एजीएमला किती लोक येतात हो? पुढच्या पत्रात लिहा, आकडा छापतो.